आठ फळ्यांचं दार

बंदराजवळच्या पेठेत सगळी दुकानं कौलारू होती, तेव्हाची गोष्ट. इब्राहिममियांच्या किराणा दुकानाला आठ फळ्यांचं दार होतं. सकाळी मिया एकेक फळी काढू लागले की समोर मासळी मांडणारी पारूबाई विचारी, "मिया, खोकला कसा आहे?" आठवी फळी निघेपर्यंत दोघांची घरची खबरबात सांगून होई.

पुढे पेठ पाडून तिथे उंच इमारत झाली. मियांना तिच्यात गाळा मिळाला. जुन्या फळ्या त्यांनी आत डबे ठेवायला लावल्या.

नवं शटर फळ्यांना म्हणालं, "तुम्हाला उघडायला केवढा वेळ लागायचा म्हणे. माझं काम एका झटक्यात होतं."

"मग पारूबाई खोकल्याचं कधी विचारते?" पहिल्या फळीनं विचारलं.

"कोण पारूबाई?" शटर म्हणालं.