पुनाजी गुरवाचा अर्ज

“उद्या दुपारच्या आत उमेदवारीचा अर्ज आला नाही, पुनाजी, तर देवळाची चावी परगावच्या गुरवाकडे जाईल!”

सोनवळ संस्थानच्या राजेसाहेबांनी असं फर्मावलं आणि घाबरलेल्या पुनाजी गुरवाने कमरेची चावी घट्ट धरली. रवळनाथाच्या देवळाची चावी सात पिढ्या त्याच्या घरात होती. नैवेद्याचा भात, नारळाचा वाटा, देवळामागचं घर, सगळं त्या एका चावीवर चालायचं.

“पण म्हाराज, मिया देवळातली घाट, घंटा बडवणारो माणूस! सभेत जावन काय बडवतलंय?”

“ते मी बघतो! एवढ्या हौसेने प्रजासभा काढली, निवडणूक लावली, आणि उभा कोण राहिला? झिलू तारी! आधीच तीन वर्षं तो होडीवाला माझ्यामागे टुमणं लावून आहे, खाडीवर धक्का बांधा म्हणून. तू देवापुढे गाऱ्हाणं घालून कुणासाठी काही मागितलंस की अख्खं गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. असा माणूस मला सभेत हवा!”

राजेसाहेब एकदा अडून बसले की बसले. वर त्यांनी अटीही घातल्या.

“निवडणुकीत पडलास तर चावी गेली. देवळाच्या दारातून कुणाला परत पाठवलंस तर चावी गेली. आणि कुणाचंही गाऱ्हाणं अर्ध्या मनाने घातल्याचं कानावर आलं, तरी चावी गेली!”

खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत पुनाजीची भीती बरीच ओसरली होती आणि छाती चार बोटं पुढे आली होती. सभासद पुनाजीराव! त्याने दोरीवरचं बायकोचं लुगडं ओढलं, डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलं आणि देवाच्या घंगाळातल्या पाण्यात वाकून पाहिलं. पाण्यातला गृहस्थ चांगलाच रुबाबदार होता. पोट तेवढं घंगाळात मावत नव्हतं.

“अगो बाय! माझा लुगडा!” बायको येसू दारात उभी होती.

“बघ गो, सभेत मिया असो दिसतलंय!”

“दिसशात हो! पण उद्या सकाळी झिलू नारळ घेवन येतलो. अर्ज देवच्या आधी गाऱ्हाणा घालूची गावची रीत आसा. तेचा गाऱ्हाणा कोण घालतलो?”

“मियाच! दुसरो गुरव खंय आसा?”

“मनापासून?”

पुनाजीचा हात डोक्यावरच राहिला. मनापासून घातलं तर झिलू निवडून येणार आणि आपण पडणार. अर्ध्या मनाने घातलं तर राजेसाहेब सोडणार नाहीत. आणि अर्जच दिला नाही तर उद्या दुपारीच सगळं संपणार! घंगाळातला गृहस्थ आता पार बावळट दिसू लागला. लुगडं डोक्यावर असलेल्या माणसाने एवढा मोठा पेच सोडवायचा, या विचाराने पुनाजीला स्वतःचंच हसू आलं. हसता हसता तो एकदम थांबला.

“येसू, उद्या माझ्यासाठीय एक नारळ काढून ठेव!”

सकाळी आपल्या उमेदवाराचं कौतुक पाहायला राजेसाहेब जातीने देवळात आले. अख्खं गाव जमलं. झिलू तारी बिचकत बिचकत पुढे आला आणि त्याने नारळ ठेवला. पुनाजीने डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या झिलूक यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं.

“खाडीवरचो धक्को तेच्या हातसून होवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण तेच्या आड येयत, मगे तो रोज तुझी घाट बडवणारो असो, तेका तू उताणो पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं. त्यात राजेसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडलं!

मग पुनाजीने आपला नारळ काढला आणि राजेसाहेबांपुढे धरला.

“म्हाराज, आता माझा गाऱ्हाणा. आपला आपण घालूचा नाय, अशी रीत. देवळात पयलो मान तुमचो, तेवा तुमीच घाला!”

राजेसाहेबांनी ऐटीत नारळ घेतला. “बा देवा महाराजा, या पुनाजीला यश दे! आणि जो त्याच्या आड येईल, त्याला...”

ते अडले. त्यांनी झिलूकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. मागे वळून गावाकडे पाहिलं. ‘व्हय’ म्हणायला कुणाचं तोंड उघडेना.

“अरे, आत्ताच तर आपण देवाला उलटं सांगितलं! मीसुद्धा होय म्हणून बसलोय!”

“तुमी एकदाच अडाकल्यात, म्हाराज. झिलू रोज नारळ घेवन इलो तर माका निवडणूक होयसर रोज अडाकूचा आसा! तुमच्या अटी पाळून निवडून कसा येवचा, ता तुमीच सांगा. आणि गाव ‘व्हय’ म्हणता, ता मिया दुसऱ्याचा मागतंय म्हणान. माझा मागल्यात, तर बघा, एक तरी तोंड उघाडला?”

राजेसाहेब असे खदखदून हसले की हातातला नारळ निसटता निसटता राहिला. “जिंकलास, गुरवा! अर्ज नको, आणि चावी कायमची तुझीच! त्या झिलूलाच येऊ दे सभेत, देवासमोर कबूल करून बसलोय. पण खरं सांग, सभेत यायची तुला जरासुद्धा इच्छा नव्हती?”

पुनाजीने देवाकडे पाहिलं. इथे खोटं बोलायची सोय नव्हती.

“होती, म्हाराज! इतकी होती की बायलेचा लुगडा डोक्याक गुंडाळून घंगाळात बघलंय!”

आता मात्र राजेसाहेबांना हसून हसून खांबाला धरावं लागलं. त्यांनी आपला जरीचा फेटा काढला आणि पुनाजीच्या डोक्यावर ठेवला.

“हा घे! घंगाळात खुशाल बघत बस. पण बायकोचं लुगडं आजच्या आज परत कर!”

गावाआधी, सगळ्यांच्या वरताण, मागून येसूचा आवाज आला:

“व्हय म्हाराजा!”