वाटेतला घास

खरं तर हे मी सांगायचं नाही. ज्योत्स्नाआत्याने ते फक्त आईला सांगितलं, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. मी दाराच्या आतल्या बाजूलाच बसले होते, पण मी बसलेली असले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांना आत्या एवढंच म्हणाली, की इथिओपियातली महिनाभराची सेवा फार आशीर्वादित झाली. खरं काय झालं, ते असं.

"म्हणजे मी महिनाभर नुसती जेवायला आले का?" आत्याने विचारलं.

"अजून जेवलीस कुठे?" एमामा म्हणाल्या.

एमामा हे काही त्यांचं नाव नव्हे. तिकडे म्हाताऱ्या बाईला मायेने तसं म्हणतात. त्या डोंगरातल्या गावात मंडळीचे वडीलजन पुष्कळ होते, पण पाहुण्याला प्रवचनासाठी पुलपीटवर चढवायचं की नाही, हे एमामा ठरवत. पूर्वी त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे दोघींच्या मध्ये दुभाषा लागत नव्हता. लागला असता तर बरं झालं असतं, असं आत्याला कधी कधी वाटे. दुभाष्याने काही शब्द तरी मवाळ केले असते.

आता आमची आत्या म्हणजे कोण, तर नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही देवळात ती बोलायला उभी राहिली, की पाळकसाहेबसुद्धा घड्याळ बघायचं विसरत. तिच्या प्रवचनाने माणसं रडली आहेत. तिला परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा दुसरं नाव कुणी उच्चारलंही नाही. जाताना तिने 'जीवनाची भाकर' या विषयावर तासाभराचं प्रवचन तोंडपाठ केलं होतं.

महिना सरत आला. शेवटचा रविवार तेवढा राहिला. आणि आत्या अजून बाकावरच बसत होती.

"मला माझ्या लोकांनी बोलायला पाठवलंय, एमामा. जेवायला नाही."

"दोन्हीला तोंड एकच लागतं," एमामा म्हणाल्या.

त्यांची सून आल्माझ कॉफीचे दाणे भाजत होती. ती पदराआड हसली.

आत्याला त्या गावात सगळंच हळू वाटायचं. त्यांचा सलाम आपल्या सलामासारखाच, पण आपला एका शब्दात संपतो आणि त्यांचा संपतच नाही. तब्येत कशी, घर कसं, लेकरं कशी, गाय कशी, आणि परत तब्येत कशी. पहिल्याच आठवड्यात आत्या एका घरी कॉफीला गेली. घरधनिणीने डोळ्यांदेखत दाणे भाजले, त्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवला, उखळात कुटले, मडक्यात उकळले. एवढ्या वेळात आपल्याकडे लग्न लागतं. अखेर वाटीएवढ्या कपात कॉफी आली. आत्याने ती संपवली, सलाम केला आणि उठली.

बाई बिचारी अंगणापर्यंत मागे धावली. "आमचं काय चुकलं?"

तिथे कॉफी तीनदा देतात, आणि तिसरा कप आशीर्वादाचा असतो, हे आत्याला मागाहून कळलं.

पण हे सगळं चालून गेलं. चाललं नाही ते ताटाचं.

तिथे सगळं घर एकाच परातीत जेवतं. परातीवर इंजेरा पसरलेला असतो. इंजेरा म्हणजे परातीएवढं आंबूस धिरडं. त्यावर मध्ये कालवण. शिरो नावाचं एक कालवण तर आपलं पिठलंच. सगळे आपापल्या पुढ्यातून तोडून खातात. आणि ज्याच्यावर माया असेल त्याला इंजेराची गुंडाळी करून, कालवणात बुडवून, स्वतःच्या हाताने भरवतात. जितका मोठा घास तितकी मोठी माया.

आत्याने पहिल्याच दिवशी वेगळी ताटली मागितली होती.

दिली त्यांनी. रोज देत होते. पण ताटली पुढे ठेवताना आल्माझचा चेहरा उतरायचा, आणि एमामा बोटांत धरलेला घास आत्याकडे न्यायच्या, थांबायच्या, आणि परत परातीत ठेवायच्या.

"मग रविवारी मी बोलू की नको?" आत्याने त्या दिवशी सरळच विचारलं.

एमामांनी परात जवळ ओढली.

"माझ्या हातचं तुला चालत नाही, मुली. मग तुझ्या तोंडचं मी माझ्या लोकांना कसं चालवून घेऊ?"

आत्या गोरीमोरी झाली. 'हातचं चालत नाही.' हे तिने जन्मभर ऐकलं होतं. पण नेहमी दुसऱ्या बाजूने.

"तसं नाही एमामा... तसं काहीही नाही. मी तुमच्याशी भेदभाव करीन का?"

"मग?"

"मला कुणी भरवलेलं आवडत नाही. मी काय लहान आहे?"

"मी आहे," एमामा म्हणाल्या. "मला रोज आल्माझ भरवते. नाही भरवलं तर मी रुसते."

"आणि फार रुसतात," आल्माझ मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "शेजारी समजूत काढायला येतात."

परातीभोवतीचं सगळं घर हसलं. आत्यालाही हसू आलं. रविवार डोळ्यांपुढे होता. गावी परत गेल्यावर बायका विचारतील, काय सांगितलंस तिथल्या लोकांना? त्यांना काय सांगायचं... पिठलं खाल्लं म्हणून?

"बरं," ती म्हणाली. "द्या."

एमामांनी इंजेराचा तुकडा तोडला, शिरोत बुडवला, गुंडाळी केली आणि हात पुढे नेला.

आत्याने ओंजळ केली.

तिने ती मुद्दाम केली नव्हती. हात आपोआप जुळले. तोंडापाशी नव्हे, पार खाली, पोटापाशी. मानही खाली गेली.

एमामांचा हात जागच्या जागी थांबला. आल्माझचं भाजणं थांबलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

आत्या आपल्या ओंजळीकडे बघत राहिली. जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.



"मुली, हे असं कुणी शिकवलं?"

मग आत्या बोलली. तिच्यासारखं नाही. अडखळत.

ती सहा-सात वर्षांची असताना गावच्या पाटलांकडे लग्न होतं. आजी तिला घेऊन गेली. आमच्या घराने येशूचं नाव घेऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण गावाला आमची जुनी जात पाठ होती. त्यांना अंगणाच्या कडेला बसवलं. वाढणारी बाई आली. आजीने आत्याचे हात धरून ओंजळ करून दिली आणि म्हणाली, खाली धर, आणखी खाली. बाईने वरून पुरणपोळी टाकली.

निम्मी ओंजळीत पडली. निम्मी मातीत.

"त्या दिवसापासून मी कुणाच्या हातून घेत नाही," आत्या म्हणाली. "माझं मी वाढून घेते. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, ज्योत्स्नाबाईंना मोठा मान आहे, वेगळं बसतात."

कॉफीचे दाणे करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"तिची बोटं तुझ्या हाताला लागली?" एमामांनी विचारलं.

"नाही. वरून टाकली ना..."

"किती वरून?"

आत्याने हात उचलून दाखवलं. ओंजळीपासून इतकं वर.

एमामा त्या मधल्या जागेकडे बराच वेळ बघत होत्या. तिथे काही नव्हतं.

"मग तो घास अजून वाटेतच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताने आत्याची ओंजळ अलगद मोडली. उजवा हात तिच्या तोंडापर्यंत नेला.

"आ कर."

आत्याने आ केला.

घास एवढा मोठा होता की गाल फुगले. एमामांची बोटं तिच्या ओठांना लागली, थोडा शिरो हनुवटीवर ओघळला, तो त्यांनीच अंगठ्याने पुसला. आत्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं. डोळ्यांतून तेवढं वाहत होतं.

"एकावर थांबलं तर भांडण होतं," एमामा म्हणाल्या आणि दुसरा भरवला. तिसरा आल्माझने भरवला. मग परातीभोवतीच्या सगळ्यांना हुरूप आला.

वेगळी ताटली त्या दिवशी कुणी उचलली, ते आत्याला आठवत नाही.

रविवार आला. देऊळ दारापर्यंत भरलं. ढोल वाजला, गाणी झाली, आणि एमामांनी नुसती भुवई उचलली. आत्या पुलपीटवर चढली. एमामा तिचं इंग्रजी त्यांच्या भाषेत सांगायला पहिल्या बाकावर बसल्या.

तासाभराचं प्रवचन ओठांवर होतं. पहिलं वाक्य, दाखला, वचन, सगळं जागच्या जागी.

"मी लहान असताना..." ती म्हणाली.

हे पहिलं वाक्य नव्हतं. हे प्रवचनात कुठेच नव्हतं.

तिने अंगण सांगितलं. ओंजळ सांगितली. मातीतली पोळी सांगितली. इथे स्वयंपाकघरात ते ऐकताना आईसुद्धा म्हणाली, हे तू मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस. आत्याने ते तिथे परक्या लोकांपुढे, मान वर करून, खणखणीत आवाजात सांगितलं.

आणि मग तिची नजर भिंतीकडे गेली. लोक वाट बघत राहिले.

उपासनेनंतरच्या जेवणाच्या पराती भिंतीशी झाकून ठेवल्या होत्या. आत्या पुलपीटवरून उतरली. एका परातीवरचं झाकण काढलं, इंजेरा तोडला, तळहाताएवढा, त्यात मावेल तेवढं कालवण भरलं, आणि पहिल्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"एमामा, आ करा."

एमामांनी आ केला.

तो घास गुंडाळी कसली, मुठीएवढा गोळा होता. एमामांचे गाल असे तट्ट फुगले की पुढच्या रांगेतली पोरं किंचाळली. आल्माझ उभी राहिली आणि जीभ हलवत उंच आवाजात ललकारली, तिकडच्या बायका आनंदाने ललकारतात तशी. तिच्यामागून दुसरी, मग सगळं देऊळ. ढोलवाल्याने कुणाला न विचारताच ढोल धरला. माणसं बाकांवरून उठली, परातींशी गेली, एकमेकांना भरवू लागली. ज्या बाईकडून आत्या पहिल्याच कपानंतर उठली होती, ती दोन्ही हातांत घास घेऊन गर्दीतून वाट काढत आली.

आत्या हसत होती, खात होती, भरवत होती. स्वतःला इतकं मोठ्याने हसताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

गलका थोडा उतरला, तेव्हा तिला एकदम आठवलं. ती एमामांजवळ वाकली.

"एमामा... माझं प्रवचन राहूनच गेलं की."

एमामा अजून चावत होत्या. त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. सावकाश गिळलं. तोंड पुसलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या आणि आ केला.

आत्या परत आल्यापासून आमच्याकडे जेवताना काय चालतं, ते बघितलं की मला वाटतं, यातलं मला थोडं कळलंय. ते असं, की जो घास आपण

"शलाका! लिहिणं पुरे. ये इकडे... आ कर."