गाडीखाली जाण्याआधी

"तीन टनांचा जॅक आहे, मिस्त्री. गाडी सगळी मिळून एक टन. मग घोड्या लावायच्या कशाला?"

आवाज गाडीखालून आला. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते, गुडघ्यापर्यंत.

दस्तगीर मिस्त्रींनी हातातला चहाचा पेला खिडकीत ठेवला.

"बाहेर या, सर."

"एकच बोल्ट राहिलाय. जाम झालाय नुसता."

"बाहेर या."

"अहो, पण..."

मिस्त्री त्या पायांशेजारी जाऊन उभे राहिले. गाडीखालून पान्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, पाय हलले आणि बर्गे सर सरकत बाहेर आले. कपाळावर काळा ओरखडा, केसांत माती, चेहऱ्यावर वैताग.

यशोधन बर्गे तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवत. एकोणीस वर्षं शिकवत होते. दीड-दोन महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन चिपळूणहून येताना घाटात त्यांची गाडी बंद पडली. बॉनेट उघडून ते तासभर नुसते बघत उभे राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्याने थांबून निसटलेला पट्टा बसवून दिला, पाच मिनिटांत. जाताना त्याने विचारलं, "साहेब, काय करता आपण?"

सरांनी खरं सांगितलं नाही. मुलगी मागच्या सीटवर बसून ऐकत होती.

त्यानंतरच्या रविवारी ते पाटणच्या अलीकडच्या या गॅरेजात आले. म्हणाले, "मला माझी गाडी माझ्या हाताने दुरुस्त करता आली पाहिजे. शिकवाल?"

मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी सरांच्या हातांकडे पाहिलं होतं आणि एवढंच म्हणाले होते, "या."

पहिल्या दिवशी त्यांनी एकही नट सोडू दिला नाही. चाकांना दगड कसे लावायचे ते दाखवलं. मग घोड्या दाखवल्या... तीन पायांचे जाड लोखंडी स्टँड. जॅकने गाडी नुसती उचलायची. टेकवायची ती घोड्यांवर. मग खाली जायचं.

सहा रविवार सरांनी ते निमूट केलं. प्लग बदलले, ब्रेकचे पॅड बदलले. स्टाफरूममध्ये त्यांचं बोलणंही जरा बदललं. आज सातव्या रविवारी ते स्वतःचा नवा कोरा जॅक घेऊन आले होते. मिस्त्री चहा घ्यायला आत गेले तेवढ्यात गाडी उचलून, ऑइल काढायला खाली शिरलेही होते.

घोड्या भिंतीशी तशाच उभ्या होत्या. चाकांनाही दगड नव्हते.

"तिप्पट ताकद आहे या जॅकची," सर हात पुसत म्हणाले. "शिवाय हँडब्रेक ओढलाय. काम दहा मिनिटांचं. हिशेब करूनच आत गेलो होतो मी. मुलांना वर्गात हेच शिकवतो."

"चांगलं आहे."

"मग चुकलं काय?"

"गाडीला ठाऊक आहे का हे?"

सर हसले. मिस्त्री हसले नाहीत.

"म्हणजे जॅकवर तुमचा भरवसा आहे," मिस्त्री म्हणाले.

"पूर्ण."

"मग ठीक."

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि सरांच्या हातात दिला.

"धरा जरा. आत काच फुटायची."

"कुठे चाललात?"

"बोल्ट जाम आहे म्हणालात ना. बघतो जोर लावून."

ते वाकले. एक हात जमिनीवर टेकला, मग गुडघा. वय झालेलं माणूस बसतं तसे टप्प्याटप्प्याने खाली बसले. गाडीलगत पोतं पसरलेलं होतं, त्यावर आडवे झाले. सगळं अंग अजून गाडीच्या कडेपासून वीतभर बाहेर. पाना घ्यायला त्यांनी हात वर केला.

"द्या."

सर पाना हातात धरून उभे राहिले.

त्यांची नजर जॅकवर गेली. आत झोपल्यावर त्यांना फक्त बोल्ट दिसत होता. जॅक कुठे दिसत होता... आता दिसला. अंगणातला मुरूम भुसभुशीत होता. जॅकचं बूड एका बाजूने बोटभर आत रुतलं होतं. वरचा दांडा सरळ नव्हता. फार नाही, थोडासाच.

"द्या की पाना," मिस्त्री म्हणाले.

"थांबा."

"का?"

"थांबा म्हणतो ना! उठा आधी. उठा तिथून."

"तीन टनांचा आहे ना?"

"मिस्त्री, मी पाया पडतो तुमच्या. उठा."

मिस्त्री उठले नाहीत. पण आतही सरकले नाहीत. आभाळाकडे बघत तसेच पडून राहिले.

पाना खाली टाकून, चष्मा खिशात सरकवून सर भिंतीकडे धावले. दोन्ही घोड्या एकदमच उचलून आणल्या, धापा टाकत. एक आपटली, ती पुन्हा उभी केली. पुढच्या दोन्ही बाजूंना चासीखाली एकेक सरकवली. हात लांब करून, बाहेरूनच. वर जेमतेम अंगठ्याएवढी फट राहिली. मग दगड शोधले. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लावले. लाथ मारून घट्ट बसवले. हे सगळं करताना ते मध्येमध्ये मिस्त्रींकडे वळून बघत होते, घरातलं कुणी आजारी असताना बघतात तसे.

"झालं," ते म्हणाले.

मिस्त्री आता उठून बसले. चष्म्यासाठी हात पुढे केला. काच सदऱ्याला पुसली, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझ्यासाठी आणल्यात घोड्या?"

"हो."

"मघाशी आत होता त्याच्यासाठी नाही आणल्या."

सरांची नजर गाडीखाली गेली.

"त्याच्या घरी कोण कोण आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"बायको आहे," सर म्हणाले. "आई आहे. आणि... मुलगी."

मिस्त्रींनी मान हलवली. जमिनीला हात टेकून उभे राहिले.

"आता गाडी हलवून बघा."

"हलवून?"

"बाहेरून. अंग लावा. आत गेल्यावर हलण्यापेक्षा आताच हलू दे."

सरांनी दारावर दोन्ही तळवे टेकवले. ढकललं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा खांदा लावला.

जॅक कलला. खालून मुरूम करकरला... आणि जॅक निसटून आडवा पडला. गाडी धप्पकन खाली आली. अंगठ्याएवढीच. घोड्यांवर बसली आणि थांबली.

थोडी धूळ उडाली, ती खाली बसली.

सर गाडीकडे बघत होते. घोड्यांच्या मधे पोत्याचं एक टोक दिसत होतं. थोड्या वेळापूर्वी त्यांची छाती नेमकी तिथे होती. त्यांनी शर्टाच्या गुंड्यांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग ते गॅरेजच्या दाराच्या चौकटीपाशी जाऊन खाली बसले. मिस्त्रींनी आतून तांब्या आणला. सर पाणी प्यायले. निम्मं अंगावर सांडलं.

"जॅक खोटा निघाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चांगला आहे जॅक."

"मग?"

मिस्त्रींनी आडवा पडलेला जॅक उचलला, बुडाची माती झटकली आणि बाजूला ठेवला. मग स्वतः गाडीला दोन्ही हात लावून जोराने ढकलून पाहिलं. गाडी हलली नाही. पुन्हा ढकललं. वाकून दोन्ही घोड्या पाहिल्या, चारही दगड पाहिले. पोतं ओढून सारखं केलं. पाना उचलला आणि सरांसमोर येऊन उभे राहिले.

सरांनी पान्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"आज राहू द्या, मिस्त्री."

"का?"

"खरं सांगू?... भीती वाटतेय. आता त्या गाडीखाली जायची भीती वाटतेय मला."

मिस्त्रींनी पाना त्यांच्या हातात ठेवला.

"मग आता जा."