म्हाळूने बुजवलेली खिंड

पाहुणे, आधी शब्द नीट घ्या. हा घाट नाही. तुमच्या गटातले सगळे मघापासून घाट घाट करताहेत. मी या गावच्या शाळेत एकतीस वर्षं बाई होते, त्यामुळे चुकीचा शब्द कानावर आला की अजून हात खडूकडे जातो. लादलेला बैल चढतो तो घाट. हातपाय टेकून उतरावं लागतं ती नाळ. आणि डोंगराची धार जिथे खाली बसते, माणूस या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जातो, ती खिंड. पलीकडे जाता येत नसेल तर ती नुसती खाच. तिला आमच्याकडे कुणी खिंड म्हणत नाही.

ही समोरची खिंड बघा. धारेचा उतार दोन्हीकडून हळूहळू खाली येतो आणि मधेच कातळ एकदम पुरुषभर खोल तुटलेला आहे. पाण्याने असं कापलं जात नाही. ते म्हाळूचं काम, असे सांगतात.

म्हाळू आमच्या धामणवाडीचा. अंगाने दणकट, कामाला वाघ, आणि मनाने अगदी कोता. त्याची बायको ठकू पलीकडच्या उंबरठाणची. माहेरी एकटी आई, चिमाबाई. म्हातारीला गुडघ्यांमुळे चढण होत नव्हती आणि ठकूला घरच्या कामातून उसंत नव्हती. मग मायलेकींनी आपली एक रीत बसवली. सांजेला चिमाबाई अंगणात ओला पाला पेटवायची. ठकू लाकडं आणायच्या निमित्ताने खिंडीत यायची, धूर बघायची, आणि काठीला जुनं लुगडं बांधून हलवायची. आई आहे, लेक आहे, एवढं दोघींना कळायचं.

एकदा म्हाळू तिच्या मागोमाग वर आला. त्याने धूर पाहिला आणि ठकूचा चेहरा पाहिला. तसा चेहरा तिने त्याच्याकडे बघताना कधी केला नव्हता. तिथेच त्याच्या पोटात निखारा पडला. पलीकडे पुरुष असता तर म्हाळूने कुऱ्हाड उचलली असती. सासूवर काय उचलणार? म्हातारीवर जळतो हे चारचौघांत सांगण्याजोगंही नव्हतं. तो आतल्या आत जळत राहिला. ताटात भाकरी पडली की त्याला वाटे, ही माझ्यासाठी भाजली, पण मन तिकडे ठेवून भाजली.

पावसाळा सरला तसा तो म्हणाला, "खिंडीतनं वाघ येतोय. गुरं जातील. गडगा घालू."

ठकूला खरं वाटलं. तिनेही पाट्या वाहिल्या. महिनाभर दोघं दगड रचत होती. गडगा कमरेएवढा असताना ती त्याच्यावरून लुगडं हलवायची, डोक्याएवढा झाला तेव्हा दगडावर चढून हलवायची. शेवटी गडगा हात पोचणार नाही एवढा उंच झाला आणि मधे फक्त वीतभर फट राहिली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"येवढी राहू द्या," ती म्हणाली. "येवढ्यातनं वाघ येत न्हाई."

"मग काय येतं?"

"आईचा धूर दिसतो."

म्हाळूने तिच्याच हातात दगड दिला. "लाव," म्हणाला.

तिने लावला. खिंड होती, ती आता खाच झाली.

म्हाळूला वाटलं, आता ही आपली झाली. ठकू सगळं काम करायची, हाक मारली की ओ द्यायची. पण सांज झाली की वर जाऊन गडग्याला पाठ टेकून बसायची. आता म्हाळूला त्या दगडांचा हेवा वाटायला लागला. ज्याला ती खोड जडली त्याला जगात कसलाही हेवा वाटतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

पंधरा दिवसांनी उंबरठाणचा एक माणूस वाघाच्या भीतीने खिंड टाळून, खालच्या लांब वाटेने दोन दिवस चालून आला. म्हणाला, "चिमाबाई हितं आली का? लेकीचं फडकं दिसंना, तिचं काय झालं बघते म्हणून निघाली, त्याला आठ दिस झाले."

म्हाळू तसाच धावत वर गेला आणि गडग्यावर चढून त्याने पलीकडे वाकून पाहिलं. म्हातारी गडग्याला पाठ टेकून बसलेली होती. मांडीवर भाकरीचं फडकं, गाठ न सोडलेलं. असे सांगतात की ती वर पोचल्यावर दोन सांजा जिवंत होती, आणि त्या दोन्ही सांजा लेक अलीकडे पाठ लावून बसली होती. मधे तीन हात दगड, वर वारा घोंघावणारा. दोघींना एकमेकींचं काही ऐकू आलं नाही.

म्हाळूने दिवस मावळायच्या आत सगळा गडगा दरीत लोटला. दगड संपले तेव्हा त्याने पहार आणली आणि खालचा कातळ फोडायला घेतला. सात वर्षं फोडत होता म्हणे. पुन्हा कुणाला बुजवता येऊ नये, एवढी खोल वाट त्याने केली. मग घरी येऊन ठकूला म्हणाला, "वाट मोकळी केली. जा."

ठकू दळत होती. जातं थांबवून म्हणाली, "आता पलीकडं माझं कोण हाय? तुमाला हवं व्हतं तसंच झालं की."

ती त्या खिंडीतून पुढे कधीच गेली नाही, असे सांगतात.

आजही आमच्या गावात खिंडीकडे निघालेल्या बाईला कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. सासू नाही, दीर नाही, नवराही नाही. विचारावंसं वाटत नाही असं समजू नका. विचारावंसं चांगलंच वाटतं, आमच्या घरी मी ते रोज बघत आले. पण जीभ आवरून नवरा बांधावर वाकतो, हाताला येईल तो दगड उचलतो आणि खाली दरीत टाकून देतो.