कडेचे ठिपके

"मग माझं चुकलं कुठे, बाई?"

विचारून शिरीष स्वतःच ओशाळला. पुण्यातला नावाजलेला डोळ्यांचा डॉक्टर तो. लोक त्याला विचारायचे; त्याने कुणाला विचारायची वेळ वीस वर्षांत आली नव्हती. पण मिरजेच्या या ओसरीवर तो पुन्हा विद्यार्थी झाला होता आणि जुन्या सवयीने बाईंच्या डाव्या हाताला स्टुलावर बसला होता.

डॉ. इंदुमती वाळिंबे यांनीच त्याला लेझर शिकवलं. आता त्या ऐंशीच्या होत्या. मधुमेहाने त्यांचे डोळे पोखरायला घेतले तेव्हा लेझर शिरीषनेच केलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर स्वारी आज उगवली होती, तीही जाता जाता.

संध्याकाळी कोल्हापुरात रेवतीचा साखरपुडा होता. रेवती त्याची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी आईबरोबर घराबाहेर पडली, ती पडलीच. परवा तिचा मेसेज आला होता. बाबा, आलात तर बरं वाटेल. एवढंच.

"तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "मधली नजर वाचवायची तर कड जाळावी लागते. मी तेच केलं. काम वाचवलं. बाकी... सगळं कडेचं होतं."

बाई हसल्या.

"बरं. मग तोंडी परीक्षा देऊन टाक. लेझरचा उजेड बुबुळातून, भिंगातून आत जातो. तिथे का भाजत नाही?"

"तिथे सगळं पारदर्शक. उजेडाला धरून ठेवणारं काहीच नाही."

"मग भाजतं कुठे?"

"मागच्या पडद्याशी. तिथे रंगाचा थर असतो. जो उजेड धरतो, तोच तापतो. एक पांढरा ठिपका उमटतो. असे हजारभर ठिपके, सगळे कडेकडेने."

"आणि कुणाची कड जाळतो आपण? दिसला डोळा की जाळला?"

हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"छे. रक्त पोचत नाही म्हणून उपाशी पडलेली कड. ती भुकेपोटी नव्या शिरा मागवते. त्या कच्च्या असतात, फुटतात आणि डोळा रक्ताने भरतो. म्हणून आधीच..."

"तुझ्या कडेला रक्त का पोचलं नाही रे?"

...

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये रोज एकच ताट घासून पालथं घालताना वाटायचं तसं इथे भर दुपारी शिरीषला फार एकटं वाटलं.

बाईंनी चहासाठी डावा हात पुढे केला. कप डावीकडच्या टेबलावर होता तिथेच होता, पण बोटं त्याला आदळली आणि चहा सांडला.

शिरीषने खिशातल्या रुमालाने टेबल पुसलं. लेझरनंतर त्याने बाईंकडून तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळ वाचून घेतली होती आणि स्वतःचीच पाठ थोपटली होती. कडेला काय दिसतं, ते विचारायचं राहून गेलं होतं.

"मी ठरवलंय," तो हळूच म्हणाला. "मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी उभा राहीन. पोरीला डोळे भरून पाहीन आणि निघेन. तिच्या नजरेसही पडणार नाही. कुठल्या तोंडाने पुढे जाऊ?"

बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

...

"शिरीष, आहेस ना रे?"

"इथेच आहे, बाई. तुमच्या शेजारीच."

बाईंनी त्या रिकाम्या खुर्चीवर दोनदा थोपटलं.

"समोर येऊन बस. कडेचं मला दिसत नाही, तूच जाळलंयस."