कोंडाबाईच्या सोबतीला

येरळा नदीच्या काठी हिवरवाडी नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर लिंबाखाली भानूबुवा महाराजांची मठी होती. मठी म्हणजे तरी काय, चार मातीच्या भिंती आणि वर कौलं. महाराज फारसं बोलत नसत. आलेल्याला आधी "जेवलास का?" एवढं विचारत आणि मग तो सांगेल ते ऐकत बसत. ज्यांना मोठमोठे उपदेश हवे असत, ते थोड्याच वेळात कंटाळून उठत. दुःखी माणसं मात्र उठत नसत.

मठी सारवायला, भांडी घासायला कोंडाबाई येई. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. गावातच तिचे थोरले भाऊ हणमंतराव राहत. तेलाचा घाणा, दुमजली घर, आणि यात्रेत मानाचं पागोटं पहिल्यांदा त्यांच्याच डोक्याला! बहिणीला त्यांनी परसातली खोली दिली होती, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायला ते कधी विसरत नसत.

एके वर्षी कोंडाबाईच्या छातीत गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिनं अंगावर काढली. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कॅन्सर आहे. ऑपरेशन करू, मग किरणांचे शेक देऊ, बऱ्या होण्याची आशा पुष्कळ आहे, पण सोमवारी घरचं माणूस घेऊन या.

परतीच्या एस.टी.त शेजारणीनं कुठं गेला होता म्हणून विचारलं, तर ती "पाव्हण्याकडं" म्हणाली. घरी येऊन तिनं भाकरी टाकली आणि ती तव्यावरच करपली. रस्त्यानं माणसं जात-येत होती, कुणी हाकही मारली. पण ती सगळी अलीकडची माणसं आणि आपण एकटीच पलीकडं, असं तिला वाटत होतं. फार वाईट असतं ते वाटणं.

तिनं भावाला सांगितलं. हणमंतरावांनी आधी उठून दार लावून घेतलं. त्यांच्या मुलीची, मंदाची सोयरीक जुळत आली होती. घराण्यात असला रोग आहे असं कळलं, तर पोरीला कोण करून घेणार?

"लगीन पार पडूपतूर कुणाजवळ अक्षर काढू नगंस," ते म्हणाले. "तवर तुझा बुवा हाय की एवढा मोठा. लाव त्येचा अंगारा."

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई मठीत आली आणि खाली मान घालून भांडी घासू लागली. दवाखान्याचं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. महाराज आपणहून उठले आणि तिच्याजवळ ओल्या जमिनीवर येऊन बसले. म्हणाले, "सोमवारी जायचं बरं का. डॉक्टरीण सांगेल ते करायचं."

तिच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. तिनं अंगारा मागितला. गाठ अंगाऱ्यानं जात नसते, असं महाराज म्हणाले. मग मात्र तिला रडू फुटलं.

"संगं यायला मला मानूस न्हाई, महाराज."

"येईल. तू जा."

हणमंतरावांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. माणूस काय आभाळातनं पडणार आहे का, असं त्यांनी बायकोदेखत विचारलं. कोंडाबाई सोमवारी पिशवी घेऊन एकटीच निघाली. तिला एस.टी.पर्यंत पोचवायलाही कुणी गेलं नाही.

दवाखान्यात नर्सबाई पुन्हा पुन्हा विचारी, "मावशी, सोबत कोण?" येईल, असं म्हणून ती दाराकडं बघे. माणूस नाही आलं तर ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल, असं नर्सबाईंनी सांगितलं. संध्याकाळ झाली. बाकीच्या खाटांजवळ डबे उघडले गेले, कुणाची सून, कुणाचा मुलगा. कोंडाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. महाराजांचा शब्दही खोटा ठरला, असं तिच्या मनात आलं. तिनं पिशवी उचलली आणि घरी जायला निघाली.

जिन्यावर समोरून हणमंतराव वर येत होते! हातात डबा. "कुठं निघालीस, कोंडे? बस, आधी चार घास खा," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं. ते खाटेजवळून हलले नाहीत. तिला हात वर करता येईना, तेव्हा त्या मानकऱ्यानं फणी घेऊन बहिणीची वेणी घातली. बायका बघतच राहिल्या. कुणी विचारलं तर ते मोकळेपणी सांगत, माझ्या बहिणीला कॅन्सर झालाय. ते ऐकून शेजारच्या खाटेवरची बाई, जी आल्यापासून मुकी होती, ती हळूहळू बोलू लागली. मग तिच्या पलीकडची. सगळ्याच जणी काही ना काही लपवून आल्या होत्या. खाटेवरून खाटेवर दुखणं विचारलं जाऊ लागलं.

सुट्टी मिळाल्यावर हणमंतरावांनी तिला एस.टी.त बसवलं, आणि तू पुढं हो, मी येतो, असं सांगितलं.

कोंडाबाई तडक भावाच्या दारात गेली. तर हणमंतराव सोप्यात पान खात बसलेले! तिनं गहिवरून त्यांचे पाय धरले.

"दादा, आईनंबी येवढं केलं नसतं."

दवाखान्यातलं सगळं ती भरभरून सांगत सुटली. त्यांना वाटलं, औषधानं हिचं डोकं फिरलं. त्यांनी गावाबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. बायको साक्षीला होती. पण कोंडाबाई म्हणाली, वेणी घालताना तू म्हणालास, हलू नगं, न्हाईतर उशीर हुईल आन् आई वाटंला डोळं लावून बसंल. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकट्या कोंडीला नदीवर नेऊन तिची वेणी घालताना हणमंता हेच म्हणायचा. हे त्या दोघांवाचून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. हणमंतरावांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

ते तसेच अनवाणी मठीकडं निघाले, मागोमाग कोंडाबाई. महाराज लिंबाखाली बसले होते. हणमंतरावांनी त्यांच्यापुढं लोटांगण घातलं आणि विचारलं, माझं रूप का घेतलंत? तुमच्या रूपानं गेला असतात तर ही धन्य झाली असती.

महाराज म्हणाले, "तिला तिथं महाराज नको होता रे. भाऊ हवा होता. तू जाईनास, म्हणून तुझं तोंड उसनं घेतलं." मग त्यांना उठवत म्हणाले, "आता शेकाला तूच जा."

महाराजांनी कोंडाबाईचा रोग हात फिरवून घालवला, असं कुणी सांगू लागलं तर ते खरं मानू नये. शेक घ्यावे लागले, जालीम औषधांनी केस गळले, दिवस फार जड गेले. मंदाची ती सोयरीक मोडली आणि पुढं दुसऱ्या, समजूतदार घरात जुळली. भानूबुवांची थोरवी यानं तसूभरही उणी होत नाही.

त्या दिवशी लिंबाखाली हणमंतराव पुन्हा पाया पडायला वाकले, तेव्हा महाराजांनी पाय मागं घेतले आणि कोंडाबाईकडं बोट दाखवलं. थोरला भाऊ धाकट्या बहिणीपुढं वाकला. ती लाजून मागं सरली आणि एका हातानं त्यांना उठवू लागली. दुसरा हात तिला उचलवत नव्हता. हणमंतरावांनी तो पाहिला.

"लई दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

हिवरवाडीत तिला हे विचारणारं ते पहिलं माणूस.