नावेची चोख वाटणी

पूर्वी, नदीवर पूल असतो हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं त्या काळी, एका गावात एक नावाडी राहत होता. पलीकडे जायला साऱ्या गावाला त्याची एकच नाव होती. तो मेला, आणि मागे तीन मुलगे अन् ती नाव उरली.

आता नाव म्हणजे काही भाकरी नव्हे, तीन तुकडे करायला. म्हातारी आत्या म्हणाली, "पोरांनो, पाळी लावा. आज एकानं चालवा, उद्या दुसऱ्यानं. बाजाराचा वारही फिरत फिरत प्रत्येकाकडे येईल."

तिघांना पटलं. मग थोरल्यानं विचारलं, "पण पहिली पाळी कुणाची?"

झालं! थोरला म्हणे, मान माझा. मधला म्हणे, बापाबरोबर वल्हं मी मारलं. धाकटा म्हणे, दर वेळी मीच का मागे राहू? प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी पंच बसले आणि त्यांनी वाटणी केली: थोरल्याला नाव, मधल्याला वल्ही, धाकट्याला घाट. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पंचांनी विडे खाल्ले आणि समाधानानं घरी गेले.

थोरल्यानं नाव ओढत नेऊन अंगणात पालथी घातली. मधल्यानं वल्ही माळ्यावर टाकली. धाकट्यानं घाटावर बाभळीचे काटे पसरले. "माझ्या घाटावरून कोण नाव सोडतो ते बघतोच," म्हणाला. गावकरी बिचारे लांबच्या उथळ पाण्यातून चालत पलीकडे जाऊ लागले.

पावसाळ्यात ती वाटही बुडाली. आणि अशाच एका दुपारी धाकट्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईण पलीकडच्या गावात.

धाकटा थोरल्याकडे धावला. "दादा, नाव दे!"

"देतो की. आधी त्याची वल्ही तर येऊ देत."

तो मधल्याकडे धावला. "भाऊ, वल्ही काढ! मरेल रे ती!"

"मी कुठं नाही म्हणतो? आधी दादाची नाव पाण्यात उतरू दे."

धाकटा या दारातून त्या दारात धावत राहिला. शेवटी आत्यानं दोघांनाही शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे नाव निघाली आणि वल्ही निघाली.

घाटावर येऊन बघतात, तर काटे. धाकट्यानं स्वतःच पसरलेले. पावसानं ते चिखलात रुतले होते. तो रडत रडत हातांनी उपसू लागला. हात रक्तानं माखले, तरी काटे लवकर निघेनात.

सुईण आली तेव्हा तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाई गेली होती, आणि मूलही.

तिन्ही घरांना सुतक आलं. ते मात्र वाटून घ्यावं लागलं नाही. आधी कुणाचं, हेही कुणी विचारलं नाही.

तात्पर्य : जे तोडून वाटता येत नाही ते पाळीनं वापरावं आणि पहिली पाळी दुसऱ्याला द्यावी, नाहीतर वाटणी चोख होते आणि घर बुडतं.